स्वतःहून येणाऱ्यांच्या स्वागतकर्त्यांस

अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, अर्थात ‘आईस’ खात्याचे श्रीमान कर्तेकरविते साहेब यांच्या चरणी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमची मराठी मंडळी गणपती बसवतात. तिथून हाकेच्या अंतरावर हायलँड पार्क हे छोटंसं गाव आहे. तिथल्या रिफॉर्म्ड चर्चच्या भाविकांना आपण गेली सुमारे वीस वर्षं रिकामं बसू दिलेलं नाही. रविवारची प्रार्थना झाली की घरी जाऊन जेवणारी साधी माणसं ती! आपल्या कृपेने त्यांना आज वकिलांचे फोन नंबर तोंडपाठ आहेत.

आपण आज्ञाधारकपणाची किती कदर करता, हे त्या गावाला फार आधी कळलं. १९९०च्या दशकाअखेर इंडोनेशियातल्या दंगलींतून जीव वाचवून काही ख्रिस्ती कुटुंबं पर्यटक व्हिसावर तिथे आली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सरकारने इंडोनेशियासह मुख्यतः मुस्लिमबहुल देशांतून आलेल्या पुरुषांना नावनोंदणीचा हुकूम दिला. ही माणसं लपून राहू शकली असती. पण कायद्यावर विश्वास ठेवून गेली, बोटांचे ठसे देऊन आली. २००६ मध्ये आपण त्यांच्यापैकी अनेकांना घरांतून उचललंत. विश्वासाची परतफेड इतक्या तत्परतेने कोण करतं हो हल्ली?

२०१२ मध्ये त्यांच्यातले काही पुरुष चर्चमध्येच मुक्कामाला गेले आणि कित्येक महिने तिथे राहिले. आपण दार तोडलं नाहीत, हे आपलं औदार्य. २०१८च्या जानेवारीत मात्र आपण भल्या सकाळी उठून, मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या दोघा बापांना गाठलंत. बाप शाळेच्या वेळेला हमखास सापडतो, हे आपलं निरीक्षण अचूक आहे. पुढच्याच आठवड्यात एका न्यायाधीश बाईंनी न्यू जर्सीतल्या इंडोनेशियन लोकांची हद्दपारी थांबवली, त्याला आपण तरी काय करणार!

तरुणांवर तर आपलं विशेष प्रेम. आईबापांविना सीमा ओलांडून आलेली मुलं सरकारी निवाऱ्यात वाढतात. अठरावा वाढदिवस उजाडला, की त्यांना मोठ्यांच्या कोठडीत हलवण्याची आपली परंपरा. केक कापायच्या वयात हातात बेड्या! आधी सर्वांत कमी जाचाची जागा शोधा, असं कायदा सांगतो. आपण ते पाळत नाही, असं वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. कोर्टं उगाच किरकिर करतात.

२०२५ पासून आपण आणखी सोय केलीत. तारखेला वेळेवर कोर्टात येणारा तरुण बाहेरच्या कॉरिडॉरमध्येच पकडायचा. शोधाशोध नाही, पेट्रोल वाया नाही. जो तारीख चुकवतो त्याच्यामागे धावावं लागतं. जो इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची फाईल काखोटीला मारून येतो, तो आयता हाती. धर्मस्थळं, शाळा, इस्पितळं यांपासून शक्यतो दूर राहण्याचं २०११पासूनचं बंधनही २०२५च्या जानेवारीत गेलं. आता देवाच्या दारीही आपली गाठ पडू शकते. धन्य झालो.

पकडलेल्याला शोधण्याचा खेळ तर आपण फार सुंदर रचलात. चर्चमधली एखादी बाई आपल्या वेबसाइटवर बसते. सरकारने परदेशी माणसाला दिलेला ए-नंबर हवा, जन्मदेश हवा. नंबर नसेल तर नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं. पकडलेल्या मुलाची आडनावं दोन, त्याच्या आजीने सांगितली दोन, आपल्या कारकुनाने टिपलं एकच. पडद्यावर उत्तर येतं, असा माणूस नाही. मग ती बाई उलटसुलट करून बघते, मधली रेघ घालून बघते, काढून बघते. सापडेपर्यंत आपण त्याला लुइझियानाला किंवा टेक्ससला हलवलेलं असतं. देश बघायला मिळावा, हाच आपला हेतू असणार.

आतल्या व्यवस्थेबद्दल काय बोलावं! ही कैद फौजदारी नव्हे, दिवाणी. म्हणून सरकारी खर्चाचा वकील नाही. जामीन मिळालाच, तर कमीत कमी दीड हजार डॉलर, तेही एकरकमी. आत राबायचं असेल तर ‘स्वेच्छा’ कामाची मजुरी दिवसाला निदान एक डॉलर ठरलेली. जामिनाची रक्कम त्या दराने जमायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. चर्चमध्ये थाळी फिरते ती त्यामुळे. आणि संसदेने तर जुलै २०२५ मध्ये कोठड्यांसाठी पंचेचाळीस अब्ज डॉलर मंजूर केले. नेवार्कच्या डिलेनी हॉलमध्ये एक हजार खाटा आहेतच. चर्चला थाळी, आपल्याला तिजोरी.

एक तक्रार मात्र लाडाने करतो. सॅन दिएगोचे बिशप मायकेल फाम लहानपणी व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले. जून २०२५ मध्ये ते स्थलांतरितांसोबत कोर्टात जाऊन बसले आणि आपल्या माणसांनी त्या सकाळी काढता पाय घेतला. एवढ्या बंदुका बाळगणाऱ्यांनी पांढऱ्या गळपट्टीला बिचकावं, हे शोभत नाही.

आमच्या लोकांची काळजी नसावी. ‘आम्ही लायनीने आलो, आमचे कागद चोख आहेत,’ असं म्हणत ते निवांत आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या आपल्या लष्करी विमानात १०४ भारतीय होते, त्यांत महाराष्ट्रातलेही काही होते. तरीही निवांत आहेत. इंडोनेशियन मंडळीही लायनीतच उभी होती, एवढं त्यांना कुणी सांगू नये.

लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

ता. क. हे आपल्यासाठी नाही, एडिसनच्या वाचकांसाठी. नेवार्क आणि एलिझाबेथच्या कोठड्या तुमच्या घरापासून गाडीने तासाच्या आत आहेत. भेटायला जाणाऱ्याचा धर्म दारावर विचारत नाहीत, ओळखपत्र मागतात. आजवर हे काम चर्चने केलं. गणपती मंडळांनीही करायला हरकत नाही.