वजनदार मामा

"मामा, पृथ्वीवरच्या सगळ्या हवेचं वजन किती रे?" नववीतल्या भाचीने विचारलं तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो. चाळीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे गवयाला 'सा' लावून दाखवायला सांगणं.

म्हटलं, सोपंय. हवेच्या दाबाने टॉरिचेलीच्या नळीतला पारा साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. गुणाकार केला की १,०३३ ग्रॅम. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर किलोभराहून थोडी जास्तच हवा बसलेली. माझं टक्कल अडीचशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर त्यावर अडीच क्विंटल!

"म्हणून तिथे काही उगवत नाही," बायको आतून म्हणाली.

तिकडे दुर्लक्ष करून मी पृथ्वीचं क्षेत्रफळ काढलं : ५१ कोटी. गुणिले १.०३. जवळपास ५३ कोटी किलो. खाली दोन रेघा ओढल्या.

"५१ कोटी काय?"

"चौरस किलोमीटर."

"आणि किलोभर हवा कशावर?"

"चौरस सेंटि..." खारी चहात पडली.

एका चौरस किलोमीटरमध्ये चौरस सेंटिमीटर असतात १,००० कोटी. माझी चूक तेवढ्या पटीची. खरं उत्तर ५३ हजार कोटी कोटी किलो. आठशे कोटी माणसांत वाटलं तरी माणशी ६६ कोटी किलो येतात. माझ्या हिशेबाने अख्ख्या पृथ्वीवर मिळून एका माणसाच्या वाट्याएवढीही हवा नव्हती!

भाचीने सगळं मीटरात मांडलं. दाब १,०१,३२५ पास्कल, गुणिले चौरस मीटर, भागिले ९.८. "आणि मामा, वजन नाही, वस्तुमान." खुद्द पास्कलनेही हे गणित केलं होतं, फ्रेंच पौंडांत; त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १६६३ साली ते छापून आलं. त्याच्या काळी पास्कल नावाचं एकक नव्हतं, त्यामुळे त्याला सोपं गेलं असावं.

तरी भाचीचं उत्तरही दोनेक टक्के चढंच. जमीन काही सगळी समुद्रसपाटीला नाही. पुण्यातच हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-एक टक्क्यांनी कमी. पुणेकरांना कुणाचंच दडपण कसं येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आठवड्याने भाचीची गृहपाठाची वही तपासून आली. गणित बरोबर, शून्यंही बरोबर. पण शेवटी 'किलो' लिहायचं राहिलं होतं. अर्धा गुण गेला. ती ओळ मी उतरवून दिली होती.