पाठ केलेला ताजमहाल

आयल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेची तालीम घ्यायला मी परवा पाच जणांसमोर बसले होते. कार्डावर विषय होता, तुम्हाला आवडलेलं एक ठिकाण. चौघांनी ताजमहाल सांगितला. चौघांचाही ताजमहाल 'ब्रेथटेकिंग' होता आणि चांदण्यात न्हाऊन निघाला होता. आग्र्याला त्यांच्यापैकी एकही जण गेलेला नव्हता.

राग मला त्या मुलांचा आला नाही. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच घोकून पास झालेल्या मुलांना क्लासने तोच संच 'आठ बँडची उत्तरं' म्हणून पुन्हा विकला होता. हा धंदा मुलांचं नुकसान करतो.

ही तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. समोर माणूस बसलेला असतो. मधल्या भागात कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटं. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चारांना सारखंच वजन आहे. उत्तर खरं की खोटं याला गुण नाहीत, म्हणून क्लास सांगतो, काहीही ठोकून द्या. पण न पाहिलेल्या गोष्टीला तपशील कुठून आणणार? तिसऱ्या भागात त्याच विषयावर खोलात प्रश्न येतात, तिथे घोकलेलं संपतं. आणि पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला लगेच ओळखू येतं.

साहेबी हेल काढायचा सराव तर निव्वळ वेळ घालवणं आहे. हेलाला गुण नाहीत, बोललेलं समजण्याला आहेत. त्यापेक्षा 'व' सुधारा. आपण बनियनलाही 'वेस्ट' म्हणतो आणि पश्चिमेलाही. इंग्रजीत बनियनच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, पश्चिमेच्या वेळी ओठांचा चंबू होतो. आठवडाभर आरशासमोर उभं राहिलं की जमतं.

पाचवी मुलगी सांगलीजवळच्या हरिपूरची, नर्सिंग झालेली. तिचाही ताजमहाल सुरू झाला आणि दुसऱ्याच वाक्याला अडला. मी म्हटलं, "बाळा, ते ठेव बाजूला. तुमच्या हरिपुरात काय आहे ते सांग."

ती क्षणभर थांबली आणि पेवांबद्दल बोलायला लागली. जमिनीच्या पोटात हळद साठवायची ती खोल पेवं, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आजोबा आधी कंदील खाली सोडायचे, तो विझला तर आत हवा वाईट. 'टर्मरिक स्टे ड्राय' म्हणाली, 'स्टेज' म्हणायला हवं होतं. ती थांबली नाही, मीही टोकलं नाही. दोन मिनिटं कधी संपली ते तिला कळलंच नाही. बाकीचे चौघे खुर्च्या ओढून जवळ आले होते.

तयारी हीच आहे. रोज एक कार्ड घ्या, आपल्या घरातलं, गल्लीतलं, रानातलं काहीतरी दोन मिनिटं बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका. लिहून काढू नका.

आणि क्लासवाल्यांनो, उत्तरं विकणं थांबवा. मुलांसमोर बसा आणि ती बोलतात ते ऐका. फी त्याची घ्या.