युद्धोत्तर पुनर्वसन

कोरियातले प्रत्यक्ष युद्ध 3 वर्षांत आटोपले असले, तरी सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या ‘मॅश’ या मालिकेने ते 11 वर्षे लढवले, आणि फेब्रुवारी 1983 मध्ये नाइलाजाने शस्त्रसंधी झाल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात उरलेल्या पात्रांच्या सोयीसाठी ‘आफ्टरमॅश’ हा सिटकॉम, म्हणजे ठरलेल्या माणसांना ठरलेल्या जागी कोंडून दर आठवड्याला नवा घोटाळा घालणारा मालिकाप्रकार, सुरू करण्यात आला. कर्नल पॉटर, क्लिंगर आणि फादर मल्केही यांची बदली मिझुरीतल्या रिव्हर बेंड या गावी, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात झाली. लष्करातून सुटावे म्हणून पूर्वी बायकांचे कपडे घालणारा क्लिंगर येथे रीतसर कारकुनी करू लागला, त्यामुळे विनोदाचीही सन्मानपूर्वक सुटका झाली. पहिल्या वर्षी प्रेक्षक जुन्या ओळखीखातर (हा आपलेपणा वाहिन्यांना नेहमीच गुणवत्तेची पावती वाटतो) आले. 1984 मध्ये मात्र मालिका मंगळवारी एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या लोकप्रिय ‘द ए-टीम’समोर उभी करण्यात आली, आणि क्लिंगर त्या मालिकेतल्या मिस्टर टी याची हजामत करीत असल्याची चित्रे जाहिरातींत झळकली. हजामत झाली खरी, परंतु वस्तरा मिस्टर टीच्या हाती होता.