एवढं पूर्ण करून येतो

डिसेंबर लागला की नगर जिल्ह्यात हुरडा आणि ते एकदमच सुरू होतात. ते म्हणजे कोण, हे सांगत बसत नाही. तुमच्याही कॉलनीत एक आहेत. पहाटे साडेपाचला कुत्री ज्यांच्या मागे लागतात आणि आठ वाजता जे आपल्या मागे लागतात, ते. अंगात पोपटी टी-शर्ट, त्याच्या पाठीवर सिमेंट, सराफ आणि अकरावी-बारावीचे क्लासेस, आणि या सगळ्यांतून जागा उरलीच तर खाली बारीक अक्षरात एखादं सत्कार्य.

आमचे सावेडीतले शेजारी एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. पन्नाशी कधीच ओलांडली, पण पळतात बरे. पळण्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रोफेसर कॉलनी चौकातून निघावं, किल्ल्यावरून भिंगारकडे जावं, परत यावं. रस्ता सगळ्यांचा आहे. तक्रार आहे ती त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल. हे घड्याळ अंतर सांगतं, गती सांगतं, छातीचे ठोके सांगतं, काल रात्री झोप किती लागली तेही सांगतं. फक्त घराच्या दाराशी पोचताना ते कधीही पूर्ण आकडा दाखवत नाही. दाखवतं ९.७४. आणि ९.७४वर घरात शिरणं या माणसाला जमत नाही. आतून वहिनी चहा गाळल्याचं सांगतात, हे बाहेरून म्हणतात, "एवढं पूर्ण करून येतो," आणि पार्किंगमधल्या कडुनिंबाभोवती गोल गोल फिरायला लागतात. २६० मीटरला किती फेऱ्या लागतात हे आता वॉचमनलाही पाठ आहे. तो मोठ्यानं मोजतो. एकदा पाण्याचा टँकर आत यायला बघत होता, त्याला यांनी हात करून गेटवरच थांबवला. नऊशे चाळीस मीटर झाले होते.

सख्ख्या भाचीचं लग्न होतं, मनमाड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं. गुरुजी तयार, नवरदेव पाटावर, अंतरपाट धरलेला आणि मामांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली तेव्हा मामा कार्यालयाच्या मागच्या अंगाला सापडले. डोक्याला फेटा, पायात पळायचे बूट, आचाऱ्यांच्या कढया आणि भांड्यांचे ढीग चुकवत फेऱ्या चाललेल्या. "एवढं पूर्ण करून येतो." आधीच उभे असलेले गुरुजी आणखी उभे राहिले. पुढे एका अंत्ययात्रेत मात्र मी मुद्दाम पाहिलं, त्यांनी घड्याळाकडे एकदाही नजर टाकली नाही. मला बरं वाटलं. अमरधामातून परतताना कळलं की घड्याळ चालू होतं, फक्त 'चालणे' या प्रकारावर लावलेलं.

एकटे असतात तोवर चालतं. चौघं जमले की मग अनुभवकथन. मागच्या जानेवारीत एकाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. आगटी पेटलेली, गूळभेंडीची कोवळी कणसं राखेत भाजून निघत होती, मालक हातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात टाकत होता. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. अशा वेळी माणसानं गप्प बसून खावं. हे चौघं आदल्या रविवारच्या शर्यतीवर होते. एक दाताचे डॉक्टर, एक प्लॉटिंगवाले, एक फर्निचरवाले आणि आमचे. "तेराव्या किलोमीटरला मला आतून जाणवलं," डॉक्टर म्हणाले. काय जाणवलं ते सांगायच्या आत प्लॉटिंगवाल्यांच्या पोटरीत सोळाव्या किलोमीटरला गोळा आला. तो उतरतो न उतरतो तोच फर्निचरवाल्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडलं, बूट काढून दाखवण्यात आला. हुरडा निवत होता. यांच्यात कोणी कोणाचं ऐकत नाही. समोरच्याचा श्वास संपायची वाट पाहतात, आणि पळणाऱ्यांचे श्वास मोठे असतात.

मी विचारलं, "शर्यत कशासाठी होती?"

चौघं थांबले. आगटी तेवढी तडतडत राहिली. "चांगल्या कारणासाठी होती," डॉक्टर म्हणाले. "हो, कारण चांगलं होतं," प्लॉटिंगवाले म्हणाले. फर्निचरवाल्यांनी स्वेटरच्या आत तोच टी-शर्ट घातला होता. त्यांना उठवून, स्वेटर वर करून, पाठ आगटीच्या उजेडाकडे फिरवायला लावली आणि तिघांनी वाकून वाचलं. "लेक वाचवा," एकजण म्हणाला. मग नीट पाहून म्हणाला, "नाही, हा मागच्या वर्षीचा आहे."

आमचे तोवर बांधावर गेले होते. सकाळचं ८.६ झालं होतं.

कारणांना दोष द्यायचा नाही. इथं १९८९पासून स्नेहालय ही सेवाभावी संस्था उभी आहे; त्यांना आपण कशासाठी आहोत हे पाठीवर वाचावं लागत नाही. पण रविवारच्या शर्यतीचं गणित वेगळं असतं. पहाटे पारा दहाच्या खाली, मैदानावर झुंबा, वर ड्रोन, आणि प्रमुख पाहुणे अजून निघालेले नाहीत. ते येतात, आरोग्य हीच संपत्ती यावर बोलतात, त्यांच्या मागून दोघंजण त्यांच्यावर बोलतात, मग झेंडी. झेंडीच्या फोटोत पाहुणेच पळायच्या बेतात आहेत असं वाटतं. परत आल्यावर पोहे, पदक, पुन्हा झुंबा. प्रवेश फी भरली की दानाचं खातं बंद झालं असं सगळेच धरून चालतात. टी-शर्ट, पदकं, ध्वनिव्यवस्था जाऊन जे उरतं ते मंचावर पुठ्ठ्याच्या एका भल्यामोठ्या चेकवर लिहून देतात. चेक दारातून आत जात नाही. रक्कम जाते.

आमच्या शेजाऱ्यांचं खरं दुःख या सगळ्यापलीकडचं आहे. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे, ही गोष्ट त्यांना लागते. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जापुढे संपली. त्यांच्या सोयीनं अंतर निघालं २६ मैल ३८५ यार्ड, आणि १९२१मध्ये तेच जगाच्या बोकांडी बसलं. अर्धी मॅरेथॉन धरावी तर २१.०९७५, मोडक्याचं अर्धं केलं तरी मोडकंच. इंग्रजांनी नगरचं दोनदा नुकसान केलं, असं त्यांचं मत आहे: १८०३ला वेलस्लीनं किल्ला घेतला तेव्हा, आणि १९०८ला. किल्ल्याबद्दल ते फारसं मनाला लावून घेत नाहीत.

मुंबई मॅरेथॉनची हकिकत तर विचारू नका. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिच्या जोरावर शेकडो संस्था कोट्यवधी रुपये उभे करतात, ही माहिती मला पेपरातून मिळाली. शेजाऱ्यांकडून मिळाली ती पेडर रोडची चढण. ती इतक्यांदा ऐकली आहे की आता मुंबईत टॅक्सीनं जातानाही तिथं मला धाप लागते. कुठल्या बाईनं संत्र्याची फोड दिली, कुठल्या पारशी आजोबांनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या, सगळं किलोमीटरवार. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा त्यांच्या घड्याळात २१.४६ होते, वळणं बाहेरून घेतली की अंतर वाढतंच. पदक घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं हात पुढे केला. हे तिला म्हणाले, "एवढं पूर्ण करून येतो." आझाद मैदानावर, पाय ओढत चाललेल्या हजारो माणसांतून उलटसुलट ५४० मीटर. परत आले तेव्हा तिची ड्यूटी संपली होती.

त्यांना गप्प केलेलं मी एकदाच पाहिलं. पहाटे मैदानावर भरतीची पोरं येतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची, काही पलीकडच्या आष्टीची. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहून पोलिसाचं नाहीतर फौजेचं स्वप्न बघणारी. "काका, कडेनं!" एवढंच बोलून निघून जातात. पोरं १६०० मीटरवर थांबतात हे पाहून आमच्यांचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी त्यांनी एकाला अडवलं. "अरे, चारशेच राहिले. दोन हजार पूर्ण कर की." पोरगं गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होतं. म्हणालं, "काका, भरतीत सोळाशेच मोजतात. पुढच्या चारशेला मार्क नाहीत."

ते घरी आले आणि दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र मला गाठून त्यांनी अविनाश साबळेची गोष्ट सांगितली, जणू त्या पोरावर अपील करत होते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा. सैन्यात गेला, २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. "आणि अंतर किती?" त्यांनी विचारलं. "तीन हजार मीटर. तीन हजार! याला म्हणतात अंतर."

आता थोडं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. मनातून लिहावंसं वाटत नाही, पण वहिनींनी सांगितलेलं दडवून ठेवणं बरं दिसणार नाही.

नोकरीची सुरुवात त्यांनी दुसऱ्या एका पतसंस्थेत पिग्मी एजंट म्हणून केली. सायकल, काखेत पिशवी, कापडबाजार ते भाजी मंडई. कोणी दहा, कोणी वीस रुपये. बोहरी दुकानदार, बांगडीवाली, कल्हईवाला. रोज संध्याकाळी कॅश जुळवायची. दोन-चार रुपये कमी भरले तर स्वतःच्या खिशातून टाकायचे आणि मगच जेवायला बसायचे. वहिनी ताट वाढून बसायच्या, हे म्हणायचे, एवढं पूर्ण करून येतो. म्हणजे रोग घड्याळापेक्षा जुना आहे.

मग ती पतसंस्था बुडाली. तेव्हा जिल्ह्यात बुडणाऱ्यांत ती एकटी नव्हती. संचालक कुठे गेले ते संचालकांना ठाऊक; ठेवीदारांना त्यांची घरं माहीत नव्हती. एजंटाचं घर माहीत होतं. सकाळी सातला माणसं दारात यायची, हातात पिग्मीचं पुस्तक. शिव्या देणारे परवडले, नुसते ओट्यावर बसून राहणारे नकोत. म्हणून हे साडेपाचलाच घर सोडायला लागले. वेळ काढायला चालायचे, ओळखीचं कोणी दिसलं की पळायचे. बूट नव्हते, घड्याळही नव्हतं. वर्षा-दोन वर्षांत माणसं यायची थांबली. पहाटेची सवय उरली, साखर आटोक्यात आली, आणि मग एका रविवारी कोणीतरी यांना पोपटी टी-शर्ट दिला.

गेल्या हंगामातली इथली शर्यत थॅलेसेमियाच्या मुलांसाठी होती. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारं लोह काढायला औषध वेगळं. बाकीच्यांनी फी भरली आणि नवे मोजे घेतले. यांनी पावतीपुस्तक मागून घेतलं आणि पन्नास हजारांचा आकडा धरला. गेले कुठे, तर कापडबाजारात, त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर. मला वाटलं होतं, लोक हाकलून देतील. बांगडीवालीनं आधी बोलून घेतलं, बरंच बोलली, जुनं सगळं काढलं. मग शंभराची नोट दिली आणि पावती दोनदा वाचून कनवटीला लावली. बहुतेकांनी दिले. ज्याच्या हातून आपले पैसे गेले त्याच्याच हातात पुन्हा पैसे का ठेवावेत, हे मला नीटसं कळलेलं नाही. कल्हईवाल्याचा मुलगा एवढंच म्हणाला, की या माणसाच्या पुस्तकात कधी रुपया चुकला नव्हता.

शर्यतीच्या आदल्या रात्री साडेदहाला आमची बेल वाजली. दारात शेजारी, अंगात दुसऱ्या दिवशीचा टी-शर्ट.

"सर, एकोणपन्नास हजार सहाशे पन्नास झालेत. साडेतीनशे द्या."

मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"पाचशे नकोत. पन्नास हजार एकशे पन्नास होतात. हा काय आकडा आहे का?"

"राहू द्या हो, मुलांच्याच कामी येतील."

ते नोटेकडे बघत उभे राहिले. वसुलीतला माणूस, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहण्याची त्यांना जन्माची सवय. आतून बायकोनं कोण आहे म्हणून विचारलं.

"मग असं करू सर," ते म्हणाले, "एकावन्नच करून टाकू. शुभ असतं. तुमच्याकडं तेराशे पन्नास निघतात."

निघतात! मी आत जाऊन आठशे पन्नास आणखी आणले. त्यांनी भिंतीवर पुस्तक टेकवून, कार्बन नीट सरकवून पावती लिहिली, अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहिलं, सही केली, फाडून दिली. मी नंबर पाहिला. ९९. त्यांनीही पाहिला, आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारलं, "सर, वहिनींच्या नावानं...?"

मी दार लावून घेतलं.