पाणी वाचणारे साडू

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले आणि ट्राउट माशाच्या मागे लागले. त्याला मासेमारी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "गळाला गांडूळ लावून बसतात, ती मासेमारी," असं म्हणत ते एक चपटी डबी उघडतात. आत गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून स्वतः बांधलेल्या माश्या! पिसांसाठी ठाण्यातल्या एका चिकनवाल्याशी त्यांचं संधान आहे. तांबड्या कोंबड्याच्या मानेचीच पिसं लागतात. कोंबडी न घेता पिसं नेणारं गिऱ्हाईक त्या बिचाऱ्याने दुसरं पाहिलेलं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा हंगाम म्हणून हिमाचलात ट्राउट धरायला बंदी. तेव्हा सराव सोसायटीच्या गच्चीवर. माशीला वजनच नसतं, म्हणून फेकायचा तो जड दोर. माशी त्याच्या मागून जाते. हात घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच हलायला हवा. "दहा ते दोन, दहा ते दोन," असं पुटपुटत ते काठी हलवतात. जुनी बँकेची वेळ, अंगात भिनलेली. आजवरची सर्वांत मोठी शिकार म्हणजे शेजारच्या काकूंचा वाळत घातलेला परकर.

मार्च लागला की परवाना काढून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात. एकदा आम्हीही गेलो. गुडघाभर, बर्फगार, धावतं पाणी. साडूंनी आधी एक धोंडा उलटा करून खालच्या अळ्या पाहिल्या, मग कितीतरी वेळ पाणी "वाचलं". ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून धोंड्याआड दबा धरतो, म्हणून आपण खालच्या अंगाने जायचं. खळाळात प्राणवायू भरपूर, आणि वर पाणी फुटत असल्याने त्याला माणूस नीट दिसत नाही. "शिवाय कागदपत्रं तपासायला वेळ नसतो त्याला. समोर आलं की मंजूर, नाहीतर गेलं!"

पण दोर ताणून माशी प्रवाहापेक्षा वेगळी सरकली, की अर्ज नामंजूर. "ड्रॅग आला!" साडू ओरडतात. दोष वाऱ्याचा, माझ्या सावलीचा, नाहीतर मेहुणीच्या लाल शालीचा.

दुपारी एकदाचा लागला. वीतभर, अंगावर तांबडे ठिपके. साडूंनी हात ओले केले, गळ अलगद सोडवला, माशाला प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरलं आणि दिलं सोडून!

आमच्या सासूबाई मालवणच्या. रात्री फोनवर म्हणाल्या, "इतक्या लांब जावन मासो सोडून इलात?"

"आई, तो इथला नव्हे. इंग्रजांनी आणून सोडलाय."

"मगे तर खावकच होयो!"

तीर्थनच्या पाण्यात टोपी घातलेला, पुटपुटणारा एक मराठी माणूस दिसला, तर वरच्या अंगाने नदीत उतरू नका. आणि "किती मिळाले?" असं तर चुकूनही विचारू नका, "आज पाणी कसं आहे?" एवढंच विचारा, आणि बसायला जागा शोधून ठेवा.