सध्या एवढे घ्या!

बाजारात बिल मागायला आलेल्या माणसाला पूर्ण नकार कोणी देत नाही आणि पूर्ण पैसेही कोणी देत नाही. ‘सध्या एवढे घ्या’ म्हणायचे, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचे. ही रीत निभावताना खरी दमछाक होते ती हिशेब लिहिणाऱ्याची.

समजा, मिठाईवाल्या शेठनी दिवाळीसाठी खोकी (पुठ्ठ्याचीच) मागवली. बिल ३८,६०० रुपयांचे. खोकेवाला आल्यावर शेठनी त्याच्या खात्यावर १५,००० पाठवले आणि अकाउंटंट मॅडमना हुकूम सोडला, “खोक्यांचे पंधरा टाका.”

टाकायचे कुठे? बिल नोंदवले तेव्हाच ३८,६०० खर्चात पडलेले असतात. नवखा मुलगा हे पंधराही खर्चातच टाकतो. मग कागदोपत्री खोकी ५३,६०० ला पडतात, नफा तेवढा आटतो आणि शेठ कारण नसताना पुठ्ठ्याच्या भावावर घसरतात. मॅडम अनुभवी. त्यांनी रक्कम खोकेवाल्याच्या नावे टाकली, बँकेला जमा दाखवली. बाकी २३,६००.

पण एवढ्यावर सुटका नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर पुढे विचारते, कोणत्या बिलापोटी? पर्याय चार: न्यू रेफ, अगेन्स्ट रेफ, अ‍ॅडव्हान्स, ऑन अकाउंट.

“शेठ, कुठल्या बिलाचे?”

“अहो, खोक्यांचे!”

खोक्यांची बिले एव्हाना तीन झालेली. मॅडम निमूटपणे ‘ऑन अकाउंट’, म्हणजे नुसते खात्यावर, निवडतात. असे चार महिने चालले की पडद्यावर तिन्ही बिले अक्षत उभी दिसतात आणि दिलेले पैसे खाली वेगळेच लोंबकळतात. एकूण बाकी बरोबर, पण कुठल्या बिलाचे किती फिटले, ते ना शेठ सांगू शकत, ना खोकेवाला.

कायद्याने मात्र हा घोळ फार आधी ओळखला होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याची कलमे ५९ ते ६१ याच प्रश्नाची. देणाऱ्याने सांगितले, तर त्या बिलात. तो बोलला नाही, तर घेणाऱ्याच्या मर्जीने. दोघेही गप्प, तर जुने देणे आधी. दीडशे वर्षांपूर्वीही लोक ‘खात्यावर टाका’ म्हणून निघून जात असणार!

शेठना या साऱ्याशी देणेघेणे नव्हते, आयकराचे कलम ४३ब(एच) येईपर्यंत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नियम असा, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल मुदतीत भागवायचे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत टळली आणि वर्षअखेरीला रक्कम थकलेलीच असली, तर ती देईपर्यंत खर्च धरत नाहीत. खोकेवाला नोंदणीकृत लघुउद्योजक. करार तोंडी. म्हणजे दिवाळीचे ते २३,६०० यंदाच्या नफ्यात जाऊन बसणार आणि त्यावर कर लागणार.

३१ मार्चला सकाळी शेठनी मॅडमशेजारी खुर्ची ओढली. जन्मात पहिल्यांदाच त्यांना बिल नंबर, तारीख, दिवस सगळे हवे होते. लोंबकळती रक्कम जुन्या बिलांना चिकटवून झाली. मग त्यांनी स्वतः फोन लावला.

“तुमची बाकी आत्ता पाठवतोय. अगदी पूर्ण. पावतीवर बिल नंबर तेवढा लिहा.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग खोकेवाल्याने दबकत विचारले, “शेठ, दुकान विकताय की काय?”