बुशकर

गाडीच्या हौशी पोरांना एक प्रश्न हमखास छळतो. मागच्या सस्पेंशनला कंपनीचा रबरी बुश ठेवायचा, पॉलियुरेथेनचा कडक बुश घालायचा, की रेसच्या गाडीसारखं थेट स्फेरिकल बेअरिंग बसवायचं? गाडी रस्त्यावर चालली पाहिजे आणि ट्रॅकवरही पळाली पाहिजे. हौस रास्त आहे. फक्त देशातले नावाजलेले ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला. चेन्नईकडे जाणारी जीटी एक्सप्रेस आपल्या चंद्रपूरला थांबते खरी, पण ती माणसं चढवते, हॅचबॅक नाही.

निराश व्हायचं कारण नाही. पावसाळा सरता सरता आष्टीचा वैनगंगेवरचा पूल ओलांडा आणि आलापल्लीकडे निघा. रस्ता कुठे संपला आणि ट्रॅक कुठे सुरू झाला, हे कंबरच सांगेल.

बुश म्हणजे एकात एक घातलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि मधे घट्ट चिकटवलेलं रबर. चाक वर-खाली झालं की रबर पिळतं आणि पुन्हा जागेवर येतं. आत काही घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही, कुरकुरही नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ट्विस्ट बीम असतो आणि तो बॉडीला धरून ठेवणारे बुश फक्त दोन. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं डांबरावर असलं की बीम पिळतो आणि या दोघांना चहूबाजूंनी वाकावं लागतं. तलाठ्यासारखी गत: माणूस एक, ओढणारे दहा.

पॉलियुरेथेन पिळत नाही, नळीवर फिरतं. त्याला ग्रीस हवं, नाहीतर दरवाजा उघडल्याचा आवाज गाडीच्या पोटातून येतो. वळणावर गाडी टोकदार वागते, हे खरं. पण ट्विस्ट बीमला जिथे चार दिशांना लवचिकपणा हवा, तिथे हा बुश अडून बसतो. स्फेरिकल बेअरिंग त्याहून मानी. वाटीत गोळा, जागेवरून तसूभर हलणार नाही, चाक सांगाल तिथेच राहील. त्याला वावडं एकाच गोष्टीचं, धुळीचं. आणि आपल्याकडे धूळ तीन रंगांत मिळते: घुग्गुसच्या कोळशाची काळी, गडचांदूरच्या सिमेंटची राखाडी, एटापल्लीच्या लोहखनिजाची तांबडी. तिन्ही त्या बेअरिंगचं टेफ्लॉनचं अस्तर सारख्याच प्रेमानं खातात. ट्रॅकवर रेस संपली की गाडी उचलून सांधा न् सांधा तपासतात. इथला मेकॅनिक गाडीखालून डोकं काढून एवढंच विचारतो, “भाऊ, रेसिंगले जाऊन राहिले का एटापल्लीले?”

कडक बुश विकणारा एक गोष्ट सांगत नाही. कडक माल घातल्यानं धक्का नाहीसा होत नाही, पुढे सरकतो. रबर त्यातला काही भाग स्वतःत जिरवतं. कडक बुश तो जसाच्या तसा ब्रॅकेटकडे पाठवतो, ब्रॅकेट बॉडीच्या वेल्डिंगकडे, वेल्डिंग तुमच्या मणक्याकडे. फाइल पुढे पाठवण्याची ही पद्धत मेकॅनिकनं शोधलेली नाही.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मालवाहू गाड्यांची अक्षभार मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका धुऱ्यावर १०.२ टन चालायचे, ते ११.५ झाले. वाढ जेमतेम १३ टक्के, कोणाच्या पोटात दुखणार? पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांपासून रस्ते-अभियंते ढोबळमानानं एक नियम धरतात: रस्त्याची झीज धुऱ्यावरच्या भाराच्या चौथ्या घातानं वाढते. म्हणजे १३ टक्के जादा भाराला साधारण ६० टक्के जादा झीज. हॅचबॅकच्या धुऱ्यावर अर्धा टन धरला, तर ट्रकच्या एका धुऱ्याएवढा रस्ता झिजवायला तसे पावणेतीन लाखांहून जास्त धुरे जावे लागतील. हा हिशेब कायद्यात बसणाऱ्या भाराचा. कायद्याबाहेरचा भार कागदावर नसतोच, तो थेट खड्ड्यात मोजायचा.

वाहतूकदाराला जादा टन मिळाले, धक्का रस्त्याकडे गेला. रस्त्यानं तो बुशाकडे दिला, बुशानं तुमच्या खिशाकडे. गाडी घेताना एकरकमी वाहनकर भरलात, पेट्रोल-डिझेलवर उपकर भरताय, टोल लागला तर तोही. हा त्यावरचा बुशकर. याची अधिसूचना निघत नाही, दर विधिमंडळात ठरत नाही आणि वसुली स्पेअर पार्टच्या काउंटरवर होते. साहेबांच्या सरकारी गाडीचा बुश फाटला तर बिल तिजोरी भरते. ती तिजोरीही तुमचीच, म्हणजे हा कर तुम्ही दोनदा भरता.

आता एक चांगली बातमी. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखाणीला २०२३ मध्ये वर्षाला ३० लाखांऐवजी १ कोटी टन खनिज काढायची परवानगी मिळाली, आणि २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. खनिजाचा भुगा पाण्यात कालवून नळातून थेट कारखान्याकडे. ट्रक कमी होणार असतील तर स्वागतच आहे. पण गडचिरोली जिल्ह्यात एकही खड्डा न लागता जाणारा पहिला प्रवासी कोण, तर दगड. भामरागडहून गडचिरोलीला निघालेली रुग्णवाहिका अजून चाकांवरच येते. तिचे बुशही याच रस्त्यावर फाटतात, आणि आत झोपलेल्या गरोदर बाईला कडक हवा की मऊ, हे कोणी विचारत नाही.

मग बसवायचं काय? कंपनीचा रबरी बुश. चंद्रपूरच्या ४७ अंशांत रबर लवकर म्हातारं होतं, तेव्हा दर सर्व्हिसला चिरा बघा. चाक वेगाबरोबर घूं-घूं करू लागलं तर हबचं बेअरिंग बघा. नाल्याचं पाणी त्याच्या सीलमधून शिरलेलं असू शकतं. आणि एक पथ्य पाळा. बुशाचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर आणि वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा, नाहीतर रबर जन्मभर पिळलेलंच राहतं आणि वेळेआधी फाटतं.

हे गल्लीतल्या मेकॅनिकला कळतं. रस्त्याचं अंदाजपत्रक करणारे मात्र सगळे बोल्ट हवेतच आवळतात, आणि वजन चाकांवर आलं की अवकाळी पावसाला नोटीस देतात.